सोळाशेच्या पुढच्या फायली

लोक मला वायरवाली म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात, पण त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर त्याच नावाने साठवलेला असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंचवीस वर्षं लोकांच्या टेबलांखाली रांगत वायरी तपासणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? माझी तक्रार आहे ती अपग्रेडबद्दल. माणूस जेवायला उठतो आणि परत येऊन बघतो, तर संगणकाने न विचारता स्वतःला नवं करून घेतलेलं असतं. कालपर्यंत गुण्यागोविंदाने चालणारा प्रिंटर ओळख दाखवत नाही. बाहेरून लावलेली डिस्क टिंग करून येते आणि दहा मिनिटांत टुंग करून निघून जाते. त्या महिन्यात मला डिस्क जाण्याचे बावीस फोन आले. एकवीस ठिकाणी मी अर्ध्या तासात काम उरकलं. हे बाविसाव्या घराबद्दल आहे.

फोन ताईंचा होता. माझं त्यांच्याशी काही नातं नाही, सगळी गल्लीच त्यांना ताई म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसत नाही. माझ्या पहिल्या जाहिरातीच्या कागदावर त्यांनी लाल पेन्सिलीने नऊ चुका काढून तो माझ्या दारातून आत सरकवला होता. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याचकडे राहतो. या भावाला आम्ही मास्तर म्हणतो, कारण अर्ध्या गल्लीला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, मलाही. कुणावर ओरडायचे नाहीत, पण ‘ब्रेक’ हा शब्द असा म्हणायचे की पाय आपोआप खाली जायचा.

तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन होऊन त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, हे मला माहीत होतं. पुढचं ताईंनी फोनवर सांगितलं. एक संस्था अशा पेशंटना ऑपरेशनआधी सोळाशे वाक्यांची यादी देते. ती घरी बसून माइकवर वाचायची. त्या रेकॉर्डिंगमधून संस्था पेशंटचा आवाज तयार करून एका टॅबलेटमध्ये घालते. मग माणूस टाइप करतो आणि टॅबलेट त्याच्याच आवाजात बोलतो. मास्तरांनी दोन आठवडे वाचलं, ताई शेजारी बसल्या. सोळाशे वाक्यांच्या सोळाशे फायली एका डिस्कवर ठेवल्या. ऑपरेशनच्या धावपळीत त्या पाठवायच्या राहिल्या. तेवढ्यात संगणकाचं अपग्रेड झालं आणि डिस्क राहीना.

“दुसरी कॉपी कुठे आहे?” मी विचारलं.

“नाहीये,” ताई म्हणाल्या. “आणि परत रेकॉर्ड करायचं म्हटलं तर आता आवाज कुठून आणायचा?”

मी हातातलं काम टाकून निघाले.

दुसऱ्या मजल्यावरचं घर, सकाळचे सव्वादहा वाजलेले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मास्तर बसले होते. गळ्याला पातळ रुमाल, मांडीवर पांढरी पाटी आणि मार्कर. मला बघून त्यांनी लिहिलं, ‘क्लच सुटलाय बहुतेक.’ मी हसले आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पिशवी उघडायच्या निमित्ताने खाली वाकले. मला त्या माणसाचा आवाज हवा होता. ताईंना हवा होता तेवढा नसेल, पण हवा होता.

संगणक आतल्या खोलीत होता. टेबलावर भिंग, टोक काढलेल्या पाच लाल पेन्सिली आणि ती काळी डिस्क. मी डिस्क लावली. टिंग. फोल्डर उघडलं, ०००१ ते १६००, सगळ्या फायली जागच्या जागी. मी संगणकाला माझा लॅपटॉप जोडून त्यावर कॉपी सुरू केली आणि वहीत वेळ लिहिली. ही माझी पद्धत आहे. यंत्र कधी आलं, कधी गेलं, तेव्हा खोलीत काय चाललं होतं, सगळं लिहायचं. यंत्रं लहरी नसतात, माणसं नोंदी ठेवत नाहीत म्हणून तशी वाटतात. माझा आणखी एक नियम आहे: गिऱ्हाइकाने स्वतः उघडून बघितल्याशिवाय त्याची एकही फाईल पुसायची नाही, मग ती कितीही फालतू दिसो. पंचवीस वर्षांत हा नियम मी मोडला नव्हता.

दहा बेचाळीसला टुंग. डिस्क गेली. ताई विचारत होत्या, चहात साखर किती.

मी वायर बदलली. पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावली, कारण पुढच्या खाचांना वीज कमी पडते. टिंग. दहा अठ्ठावन्नला टुंग. मग मी सेटिंगमध्ये शिरले. अपग्रेडनंतर संगणक वीज वाचवायला बघतो आणि दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की बाहेरच्या डिस्कची वीज तोडतो. एकवीस घरांत दोष हाच होता. ती खूण मी काढली, दुसऱ्या ठिकाणचीही काढली, संगणक बंद करून चालू केला. अकरा नऊला टुंग. डिस्क थेट माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली, तिथे ती दिसेचना. मग माझ्याकडची वेगळा वीजपुरवठा असलेली पेटी मध्ये लावली आणि डिस्कचा जुना ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, परत बसवला. अकरा चोवीसला टुंग.

एवढ्यावर मी घाबरले नसते, चिडले असते. पण डिस्क गेली की तोवर माझ्या लॅपटॉपवर उतरलेल्या फायलीही रिकाम्या व्हायच्या. नावं राहायची, आत काही नाही. असं होत नसतं. एकदा उतरलेली फाईल उतरलेली असते, मागे काहीही होवो. मी तीन वेळा बघितलं आणि तिन्ही वेळा तेच.

मग मी वही वाचली. दहा बेचाळीस, चहा विचारायला ताई. दहा अठ्ठावन्न, चहा घेऊन ताई. अकरा नऊ, कप न्यायला ताई. अकरा चोवीस, ‘झालं का हो?’, ताई.

“ताई, जरा इथे चालून दाखवा,” मी म्हटलं. लाकडी टेबल, जुनी फरशी. पावलांनी हादरा बसत असेल तर डिस्कची जोडणी ढिली होऊ शकते. त्यांना बाहेर थांबवून मी डिस्क परत लावली आणि उशीवर ठेवली. मी स्वतः दारापासून टेबलापर्यंत पाय आपटत चालले. डिस्क जागची हलली नाही. मास्तरांना बोलावलं, तेही चालले, वर दोन उड्याही मारून दाखवल्या. काही नाही. मग ताई दारातून फक्त एक पाऊल आत आल्या. टुंग.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, ‘प्रूफरीडरला घाबरते.’ ताई हसल्या नाहीत.

“अंगावरच्या कपड्यांतली वीज असेल,” मी काहीतरी ठोकून दिलं. “तुम्ही थोडा वेळ बाहेरच बसा.”

भाऊबहीण बाहेर गेले. मी डिस्क परत लावली आणि कॉपी भराभर चालू लागली. पाचशे, आठशे, हजार. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात माझी नजर एकूण आकड्यावर गेली. सोळाशे पाच.

फोल्डर उघडलं. १६०० च्या खाली १६०१, १६०२, १६०३, १६०४, १६०५. सकाळी त्या नव्हत्या, हे मी वहीत लिहिलेलं होतं. आता याला एक कारण असू शकतं आणि ते मला माहीत होतं. फाईल पुसली की फक्त तिचं नाव जातं, आतला मजकूर डिस्कवर पडून असतो. डिस्क अशी मध्येच तुटली की परत लावताना संगणक ती तपासतो आणि बेवारशी तुकडे सापडले तर गोळा करतो. पण ते तुकडे तो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो आणि नावं काहीतरी अगम्य देतो. यांनी रांगेत उभं राहून पुढचे नंबर घेतले होते.

मी १६०१ वाजवली. मास्तर खोकत होते. नुसता खोकला, मग “सॉरी, सॉरी.” मी ती परत एकदा लावली. १६०२ मध्ये एक कचकचीत शिवी आणि मग दोघांचं हसू. १६०३ मध्ये मास्तर म्हणत होते, “ताई, ‘आजचे हवामान आल्हाददायक आहे’ असं माणसं बोलतात का गं? मी जन्मात कुणाला आल्हाददायक म्हटलेलं नाही.” आणि ताईंचा आवाज, “यादीत आहे. वाच.”

आता मला कळलं. ताईंनी वाचून घेताना प्रत्येक चूक काढून टाकली होती. खोकला, अडखळणं, थट्टा, जे यादीत नव्हतं ते सगळं. चाळीस वर्षांची सवय. एखाद्या बहिणीने भावाचा तो खोकलाही जपून ठेवला असता. ताईंनी चोख प्रूफ तयार केलं.

१६०४ वाजली. “आरशात बघा,” मास्तर म्हणाले. “गाडी हलवायच्या आधी मागे कोण आहे ते बघायचं.” आवाज नेहमीचा, शिकवायचा. कदाचित यादी वाचून कंटाळा आला म्हणून त्यांनी स्वतःचीच नक्कल केली असेल. तरी माझी मान वळली. ताई दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या पलीकडे, पाऊलभर मागे. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

“मी हे पुसलं होतं,” त्या म्हणाल्या.

“पुसलेलं लगेच जात नाही, ताई. आत राहतं.”

“म्हणजे मी खोडलं ते खोडलं गेलंच नाही?”

मी उत्तर द्यायच्या आधी पुढची फाईल आपोआप सुरू झाली. आधी बराच वेळ शांतता, खुर्चीची करकर. मग मास्तर, अगदी हळू, “ताई, मला भीती वाटतेय गं.” पुन्हा शांतता. मग ताईंचा आवाज, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं, “परत. ‘मी ठीक आहे, काळजी करू नका.’ नीट म्हण.”

ताईंनी दाराची चौकट धरली. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. त्या दोन आठवड्यांत बिचाऱ्या बाईने काय धरून ठेवलं असेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. रडत बसलं तर सोळाशे कधी होणार, असं तिला वाटलं असेल. पण मास्तर तिला काहीतरी म्हणाले होते आणि तिने ते चूक म्हणून खोडलं होतं.

पडद्यावर एक नाव वाढलं. १६०६. माझ्या डोळ्यांदेखत. डिस्क या वेळी तुटलेली नव्हती, संगणक काही तपासत नव्हता. फाईलची वेळ होती आजची, बारा अकरा. भिंतीवरच्या घड्याळात बारा अकराच वाजले होते. माइक डब्यात बंद, डबा कपाटावर. मी हात लावायच्या आधी ती वाजली.

“ताई, दारात उभं राहून ऐकू नकोस,” मास्तर म्हणाले.

“मी तेव्हा दारात नव्हते,” ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. “दोन्ही आठवडे मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत होते. एकदाही उठले नाही.”

मी लॅपटॉपचा आणि संगणकाचा आवाज बंद केला.

“काढा ते,” त्या म्हणाल्या. “सोळाशेच्या पुढचं सगळं काढा. कायमचं. ते यादीतलं नाही. मला ते घरात नको.”

“ताई, मास्तरांना विचारू. आवाज त्यांचा आहे.”

“काढा म्हणते ना.”

माझा नियम मला आठवत होता. मी तो मोडला कारण मला तिथून बाहेर पडायचं होतं, एवढं साधं आहे. मी सहा फायली निवडल्या, पुसल्या, आणि त्यांची जागा कोऱ्या मजकुराने भरून टाकणारा माझ्याकडचा प्रोग्रॅम चालवला, म्हणजे पुन्हा कुणी गोळा करू शकणार नाही. लॅपटॉपवर उतरलेल्याही तशाच घालवल्या. अर्धं मिनिट लागलं.

त्यानंतर ताई आत आल्या. टेबलाशी आल्या, डिस्कवर हात ठेवला. डिस्क गेली नाही. सोळाशे फायली आठ मिनिटांत उतरल्या, आणि उघडून बघितल्या तर सगळ्या भरलेल्या होत्या.

वळले तर मास्तर दारात होते. त्यांनी पाटी पुढे केली. ‘आत मी बोलत होतो. परत लावा.’

“ती यादीतली वाक्यं होती रे,” ताई म्हणाल्या. “चालतात का बघत होतो.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. गाडी शिकवताना मी आरशात न बघता वळले की असेच बघायचे. मी मान खाली घालून वायरी गुंडाळल्या.

पुढच्या आठवड्यात मी ताईंकडून ती डिस्क मागून आणली. सर्वात महागडा प्रोग्रॅम लावून तीन दिवस चाळली. जुनी प्रुफं सापडली, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो सापडले, दहा वर्षांपूर्वी पुसलेलं एक पत्र सापडलं. मास्तरांचा खोकला सापडला नाही. माझं काम मी नेहमी चोख करते.

दीड महिन्याने ताईंचा फोन आला. टॅबलेट आला होता, पण बिघडलेला होता.

मी गेले तेव्हा मास्तर एकटेच बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी टाइप केलं आणि टॅबलेट बोलला, “या. चप्पल बाहेर काढा, ब्रेक दाबून आत या.” मास्तरांचाच आवाज. थोडा गुळगुळीत, श्वास कुठेच न घेणारा, पण त्यांचाच. मी तोंडावर हात ठेवला. मास्तर लहान मुलासारखे हसत होते.

“मग बिघडलंय काय?” मी विचारलं.

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी बोटाने आतल्या दाराकडे दाखवलं आणि टाळी वाजवली. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. मास्तरांनी टाइप केलं. अक्षरं पडद्यावर उमटली. आवाज आला नाही.

मी आवाज वाढवून बघितला. दुसरा स्पीकर जोडला, कानाला लावायचे हेडफोन जोडून ताईंच्या कानांवर ठेवले, टॅबलेट बंद करून चालू केला, सगळं पहिल्यासारखं करून पुन्हा बसवलं. दोन तास गेले. ताई खोलीत असल्या की टॅबलेट मुका, ताई घरातल्या बोळात गेल्या की बोलायचा. शेजारची मुलं आली, कुरिअरवाला आला, सगळ्यांशी बोलला. संस्थेत फोन केला, त्यांनी दुसरा टॅबलेट पाठवू म्हटलं. ताई म्हणाल्या, हा दुसराच आहे.

मास्तरांनी टॅबलेट बाजूला ठेवून पाटी घेतली. ‘मी करत नाही,’ असं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

“माहीत आहे रे मला,” ताई म्हणाल्या. त्या आता फार कमी आणि हळू बोलत होत्या.

बोळात भिंतीला टेकून एक स्टूल ठेवलेलं होतं. मला वाटलं कुंडीसाठी असेल. ताई तिथे जाऊन बसल्या तेव्हा कळलं. भाऊ आतून टाइप करायचा, बहीण भिंतीपलीकडून उत्तर द्यायची, असं त्यांचं दीड आठवडा चाललं होतं. एकाच घरात राहून ती दोघं एकमेकांचं तोंड न बघता बोलत होती.

मी ताईंच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सांगितलं की डिस्क मी तीन दिवस शोधली, काही उरलेलं नाही, आणि चूक माझी आहे, मी पुसायला नको होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुम्हाला मी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मला तो घाबरलेला ऐकवत नव्हता.”

तेवढ्यात आतून मास्तरांचा आवाज आला, “ताई, आत ये.”

ताई लगबगीने उठल्या आणि आत गेल्या. टॅबलेट गप्प झाला. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग परत बोळात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

“ताई, आत ये.”

मी दारातून डोकावले. टॅबलेट टीपॉयवर होता. मास्तर तीन हात लांब खिडकीशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर, आणि माझ्याइतकेच घाबरून त्याच्याकडे बघत होते. ताई पुन्हा उठल्या.